गाडीबाहेरचा बोर्ड

हमीदचाचा,

तुम्हाला जाऊन तीन आठवडे होत आले. तुमच्याविषयी चांगलं बोलणारी माणसं मांजरसुंब्याच्या फाट्यावर पुष्कळ आहेत. तुम्ही वायरिंग केलेल्या ट्रकांचे ड्रायव्हर बंद शटरसमोरून जाताना अजून हॉर्न देतात, असं शेजारचा पंक्चरवाला सांगत होता. त्या बोलण्यात माझी भर पडली नाही तरी चालेल. मला तुम्हाला एक माहिती द्यायची आहे. ती तुमच्या हयातीत पाच आठवडे माझ्याजवळ होती, आणि मी ती दिली नाही.

माहिती बॅटरी कोणी संपवली याविषयी आहे. पण फॉल्ट सांगायचा तर लाइन कुठून निघाली तिथून सांगावा, हा तुमचाच आग्रह. म्हणून क्रमानं सांगते.

दोन वर्षांपूर्वी मी एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस घेऊन तुमच्या दुकानासमोर उभी राहिले, तेव्हा तुम्ही मला शाळेची बाई समजला होता. मला त्या गाडीत राहायचं होतं. बालाघाटाच्या माथ्यावर गवताचा जो माळ आहे, तिथली माती पावसाळ्यात किती कर्बवायू बाहेर सोडते हे मोजण्यावर माझी पीएच.डी. उभी राहणार होती. एका मुक्कामाला आठ दिवस, दिवसातून चार वेळा मोजणी, आणि शिवाय मातीचे नमुने चार अंशांच्या आत थंड ठेवून प्रयोगशाळेपर्यंत न्यायचे. अट एकच, पण कडक: आठ दिवस गाडीचं इंजिन सुरू करायचं नाही. जनरेटर, गॅसची शेगडी, चूल, काहीच नाही. कारण जळणारी प्रत्येक गोष्ट कर्बवायूच सोडते, आणि मातीचा वायू कोणता व डिझेलचा कोणता हे माझ्या यंत्राला कळत नाही. म्हणजे फ्रिज, पंखा, दिवे, पाण्याचा पंप, लॅपटॉप, भाताचा कुकर, सगळं बॅटरीवर. आणि बॅटरीची मदार छतावरच्या दोन सोलर पॅनेलवर.

हे सगळं तुम्ही हातातली पक्कड खाली न ठेवता ऐकून घेतलंत. मग पहिला प्रश्न विचारलात.

"आंघोळीचं पाणी?"

"गार."

"मंग जमंल. गरम पाणी मागितलं असतं तर म्हणलो असतो, म्याडम, लॉजवर ऱ्हावा."

मी लॅपटॉप उघडून माझा तक्ता दाखवला. कोणतं उपकरण किती वॅटचं, दिवसातून किती तास चालणार, एकूण किती, बॅटरीत किती, शिल्लक किती. तक्ता नीटनेटका होता आणि मला त्याचा अभिमान होता. तुम्ही चष्मा कपाळावरून खाली ओढून तो ओळ न् ओळ वाचलात.

"हे डब्यावर छापलेलं आकडं हायत. उन्हातला फ्रिज छापलेलं वाचत न्हाई, म्याडम." आणि मग, "ह्यात इन्व्हर्टरचं जेवण कुठंय?"

मी म्हणाले की इन्व्हर्टर स्वतः काही वापरत नाही, तो फक्त बॅटरीच्या बारा व्होल्टचे घरच्यासारखे दोनशेतीस करून देतो. तुम्ही हसलात. इतके, की पंक्चरवाला काय झालं बघायला आला.

"म्याडम म्हणत्यात, पाव्हणा घरात ऱ्हातो पर जेवत न्हाई."

पहिल्या मुक्कामात तुमचं म्हणणं खरं ठरलं. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दिवसभरात फ्रिजच्या जवळपास तेवढीच वीज खात होता. त्यानंतर तुम्ही फ्रिज, पंखा, पंप, दिवे सगळे थेट बारा व्होल्टवर घेतलेत. इन्व्हर्टर फक्त कुकरपुरता, भर दुपारी तासभर, आणि मग बंद. "ऊन हाय तवर शिजवून घे. संध्याकाळी गार खा. ऊन डोक्यावर असताना जे खर्चलं ते बॅटरीला कळत बी न्हाई." मी हे वाक्य तक्त्यात 'भाराचं वेळापत्रक' या मथळ्याखाली घातलं. तुम्हाला मथळा आवडला नाही.

आपले वाद मोजायचे तर तो तक्ता मोठा होईल. मी मल्टिमीटर लावायची, तुम्ही दोन तारा जोडलेला जुना हेडलाइटचा बल्ब. "मीटर थाप मारतंय, बल्ब मारत न्हाई." याचं कारण मी नंतर माझ्या भाषेत मांडलं: गंजलेला सांधा रिकाम्या मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवतो, भार पडला की कोसळतो. तुम्ही म्हणालात, तेच तर मी म्हणालो. बॅटरी कुठवर वापरायची, हाही वाद. माझ्या पुस्तकांनुसार ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरवणं शक्य होतं. तुमचा नियम होता, अर्ध्याखाली जायचं नाही. "खालचं अर्ध तुझं न्हाईच. ते बॅटरीचं हाय." हा वाद मिटलेला नाही. नव्या पद्धतीच्या बॅटऱ्यांबाबत मी अजूनही माझ्या बाजूला आहे, हे नोंदवून ठेवते.

'म्याडम, तुमी' पासून 'बेटा, तू' पर्यंत तुम्ही कधी आलात ते मला नेमकं सांगता येणार नाही. पण उलट्या दिशेनं कधी गेलात ते सांगता येईल.

माळाच्या उतारावर वीस-पंचवीस घरांची वस्ती आहे. तिथली विजेची डीपी जळाली की महिना-महिना बदलत नाही. पहिल्याच मुक्कामात, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वायरिंग तपासायला आला होता, तेव्हा गयाबाई वर आल्या. पहिलं घर त्यांचं, शेळ्या त्यांच्या, आणि पदरात तीन फोन.

"तुमच्या गाडीत लाइट हाय म्हणं?"

मी त्यांना आधी मोजणीच्या वाफ्यांपासून पंधरा पावलं मागे व्हायला सांगितलं. माणसाच्या श्वासातूनही कर्बवायू बाहेर पडतो, तो मोजणीत येतो, वगैरे समजावलं. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं.

"आता श्वास बी घ्यायचा न्हाई का हितं?"

"घ्या की," तुम्ही म्हणालात. "फकस्त तिकडं तोंड करून घ्या."

मग तुम्ही तिन्ही फोन घेतलेत आणि माझ्या लॅपटॉपची पिन काढून तिथं लावलेत. मी नंतर हरकत घेतली तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाण्याला आन् चार्जिंगला न्हाई म्हणायचं न्हाई, बेटा. ह्या माळावर तर न्हाईच." तुम्ही स्वतः मोटारसायकल खाली वस्तीत लावून चढण पायी यायचा, माझ्या यंत्राला धूर लागू नये म्हणून, विडी खिशातून काढायचा, बोटांत फिरवायचा आणि न पेटवता परत ठेवायचा. माझ्या अटी तुम्ही अक्षरशः पाळल्यात. तुमची ही एकच अट होती, आणि ती मला आकड्यांच्या विरुद्ध वाटत राहिली.

दुसऱ्या मुक्कामाआधी गाडी आठवडाभर तुमच्याकडे होती. परत मिळाली तेव्हा दाराशेजारी, बाहेरच्या अंगाला एक लाकडी बोर्ड बसलेला होता: आठ चार्जिंग पॉइंट, प्रत्येकाखाली फोन ठेवायला कापडी पिशवी, वर पावसासाठी पत्र्याचं इवलंसं छप्पर. काम सुबक होतं.

"मला विचारलं नाहीत."

"इचारलं असतं तर न्हाई म्हणली असतीस."

"हो."

"म्हणून."

त्यानंतर वस्तीला वर यायला माझी परवानगी लागली नाही. पिशव्या भरायच्या, संध्याकाळी रिकाम्या व्हायच्या. कोणी शेंगा ठेवून जायचं, कोणी ताक. मी ताक प्यायले, शेंगा खाल्ल्या, आणि तक्त्यात 'बाहेरचा भार' अशी लाल ओळ घातली.

तिसरा मुक्काम भाद्रपदातला. पहिले पाचही दिवस आभाळ गच्च, पॅनेलवर नावापुरता उजेड. पाचव्या दिवशी तुम्ही बॅटरीसाठी डिस्टिल्ड पाणी घेऊन आलात आणि वस्तीत मुक्कामाला राहिलात. सहाव्या दिवशी सकाळी मी फ्रिज उघडला तर तो बंद होता. बॅटरी इतकी उतरली की तिच्या संरक्षणासाठी बसवलेल्या स्विचनं सगळी लाइन तोडली होती. आत तेरा अंश. अठ्ठावीस नमुने होते. मातीतल्या जिवाणूंना तेवढी ऊब म्हणजे वसंत ऋतू. त्या नमुन्यांवरून आता माळाविषयी काहीही सांगता येणार नव्हतं. पावसाळा वर्षातून एकदाच येतो. म्हणजे एक वर्ष गेलं.

मी बाहेर आले. बोर्डाच्या आठ पिशव्यांत दाटीवाटीनं अकरा फोन होते. वस्तीतली सात-आठ माणसं उभी होती आणि तुम्ही त्यांना हसत काहीतरी सांगत होता. मी तुमच्याच हत्यारांतली पक्कड घेतली आणि बोर्डाकडे जाणारी तार कापली.

तुम्ही तारेकडे पाहिलंत. "तार कापत न्हाईत," तुम्ही म्हणालात, "फ्यूज काढत्यात."

मी म्हणाले, "तुमच्या या बोर्डानं माझं एक वर्ष खाल्लं, चाचा." आवाज चढवलेला नव्हता. त्यामुळे तो सगळ्यांना नीट ऐकू गेला.

तुम्ही पिशव्यांतून एकेक फोन काढून ज्याचा त्याला दिलात. कोणता कोणाचा हे तुम्हाला विचारावं लागलं नाही. मग उतार उतरून खाली गेलात.

आता माहिती.

चार दिवसांनी प्रयोगशाळेत मी गाडीतल्या नोंदयंत्राची नोंद उघडली. प्रत्येक लाइनमधून दर मिनिटाला किती करंट गेला हे ते यंत्र लिहून ठेवतं. ते बसवायला तुम्हीच मदत केली होती. माझी अपेक्षा होती की बाहेरच्या बोर्डाची रेघ उंच दिसेल. ती बुटकी होती. सहा दिवसांत सगळ्या फोनांनी मिळून जेवढी वीज घेतली, तेवढी फ्रिजनं एका दिवसात घेतली होती. फ्रिजचा कॉम्प्रेसर एरवी निम्मा वेळ चालतो, निम्मा वेळ थांबतो. दुसऱ्या दिवसाच्या दुपारपासून तो थांबलेलाच नव्हता.

कारण शोधायला मी गाडीत गेले. फ्रिजमागच्या पत्र्यात तुम्ही एक जाळी कापली होती, आतली उष्णता बाहेर जावी म्हणून. तिच्यासमोर मी नमुन्यांच्या रिकाम्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. सर येणार असं दिसलं तेव्हा पाऊस लागू नये म्हणून बाहेरच्या पेट्या मी आत घेतल्या आणि जिथं जागा दिसली तिथं लावल्या. दुसऱ्या दिवशीच्या दुपारी. उष्णता बाहेर जाईना, म्हणून फ्रिज गार होईना, म्हणून तो अखंड चालत राहिला. हे पदार्थविज्ञान नववीच्या मुलालाही समजावून सांगता येतं. मी ते शिकवलेलंही आहे.

फोन अजिबात लावले नसते तरी त्या आभाळात बॅटरी सहाव्या दिवशी दुपारपर्यंत पोचली असती, फार तर संध्याकाळपर्यंत. आठ दिवस निघाले नसते. मी हे तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजून पाहिलं. तिन्हींत माझ्या बाजूनं काही निघालं नाही.

मी त्याच दिवशी तुम्हाला फोन करायला हवा होता. मी ठरवलं की आधी आलेख नीट काढू, मग दुकानात येऊन समोर ठेवू. आलेख दोन दिवसांत झाला. त्यानंतर माझ्याकडे कारण उरलं नाही, तेव्हा मी कामं शोधली.

तुम्ही जाण्याच्या नऊ दिवस आधी मी फाट्यावर आले ती एका फ्यूजसाठी. तुम्ही स्टुलावर बसून एका टेम्पोचा डायनामो उघडत होता. चहा मागवलात. गाडीची चौकशी केलीत. मग मान वर न करता विचारलंत, "म्याडम, तुमच्या त्या मशीनीत काय निघालं?"

म्याडम. तुमच्या.

आलेख माझ्या पिशवीत होता. मी म्हणाले, "अजून बघते आहे."

"बघा, बघा. घाई न्हाई."

यापुढचं दृश्य मी पुष्कळदा तपासलं आहे. तुम्ही दिलेली ती संधी होती की साधी चौकशी, हे ठरवायला माझ्याकडे पुरेसा पुरावा नाही. तुम्ही नोंदयंत्र स्वतः जोडलं होतं. कुठली तार किती तापते हे तुम्हाला हातानं कळायचं. तुम्हाला अंदाज नसेल असं मानणं कठीण आहे. पण अंदाज असणं आणि माझ्या तोंडून ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुमच्याजवळ कदाचित होती. दुसरी माझ्यामुळे राहिली.

बातमी कळली तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. बीडला पोचले तोवर तुम्हाला नेलेलं होतं. चाचींजवळ बसले. त्या मला म्हणाल्या, "गाडी बराबर चालती का तुजी?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "त्यान्ला लई फिकीर होती तिची." मी त्यांनाही काही सांगितलं नाही. तिथं कोणी जाब विचारला नसता, म्हणून तिथं सांगणं हा सांगण्याचा सोपा मार्ग झाला असता.

तुमच्याकडून मिळालेल्या गोष्टींची यादी मी करणार नाही. ती करू लागले की तक्ता होतो. एवढं लिहिते की आता नवीन जोड केला की मी मीटर लावण्याआधी तारेवर हात ठेवते, आणि दोन मिनिटं थांबते. प्रयोगशाळेतले विद्यार्थी हसतात. मी त्यांना कारण सांगत नाही, आधी त्यांचा हात ठेवायला लावते.

गेल्या आठवड्यात मी एकटी माळावर गेले. पुढच्या पावसाळ्याच्या मोजणीसाठी वाफ्यांत कड्या रोवायच्या होत्या. निघण्याआधी बोर्डाची तार जोडली. फ्यूज आधी काढला, जोड वळवला, डाख दिला, मग फ्यूज घातला. ऊन चांगलं होतं. मी दार उघडं ठेवून वाट पाहिली. सकाळ गेली. एकही माणूस वर आला नाही. खाली शेळ्या दिसत होत्या, गयाबाईंच्या घरासमोर धुणं वाळत होतं. दुपारी एकला बॅटरी पूर्ण भरली. त्या गाडीत असं पहिल्यांदाच घडलं. दोन वर्षं मला तो शंभर टक्क्यांचा आकडा हवा होता. मी तो पाहिला, आणि गाडी तशीच उघडी टाकून वस्तीत उतरले.

गयाबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी मला बसायला पोतं दिलं.

"चाचा न्हाई आला?"

मी सांगितलं. त्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, "त्या दिवशी खाली आला तवा ह्या इथंच हुबा ऱ्हायला. समद्यांस्नी बोलावलं. हात जोडलं. म्हणला, पोरीची माती नासली, कसूर माजा हाय, बोर्ड म्या लावला. तिला दोस देऊ नका. आन् हितून पुढं फोन घेऊन वर जाऊ नका. आमी न्हाई गेलो."

मी म्हणाले की त्यात तुमचा कसूर नव्हता. फोनांचाही नव्हता. मग सगळं सांगितलं: नोंदयंत्र, कॉम्प्रेसर, जाळी, पेट्या. शेवटी गयाबाईंनी विचारलं,

"मंग तार कावून कापलीस?"

"चिडले होते."

"हे त्याला सांगितलंस?"

"नाही."

"कदी कळलं तुला?"

"चार दिवसांनी."

त्यांनी मला धीर दिला नाही, हे मी त्यांचं ऋण मानते. शेंगांचं सूप बाजूला सारून त्या उठल्या. "त्यो हितं चार माणसांत बोलला. तू बी हितंच हुबी ऱ्हा. माणसं रानातून येऊ दे."

मी उभी राहिले. दुःखाच्या घरी जसं नव्यानं आलेल्या प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, तसं झालं. कोणी सरपणाची मोळी घेऊन आलं, कोणी बैल बांधून आलं, प्रत्येकानं आधी तुमच्याविषयी विचारलं, आणि गयाबाई मला म्हणाल्या, "सांग." पहिल्या वेळेला मी वॅट आणि तास सांगितले. दुसऱ्या वेळेला वॅट गळाले. तिसऱ्या वेळेला कॉम्प्रेसर गळाला. चौथ्या वेळेला आभाळही गळालं. एक जण म्हणाला, "आमाला वाटलंच हुतं, एवढाल्या फोनानं काय हुतंय." दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. बाकीच्यांनी ऐकलं, आणि तिथंच बसून राहिले.

सगळ्यांत शेवटी गयाबाईंचे सासरे काठी टेकत आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"काय म्हणती ती?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला.

"त्यान्ला ऐकू येत न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "मोठ्यानं बोल."

मी मोठ्यानं बोलले. "बॅटरी मी संपवली होती. हमीदचाचांचा कसूर नव्हता."